स्किझोफ्रेनिया असलेला भाऊ स्वतःला इजा करून घेतोय – ओळखायचं कसं, करायचं काय?

रानजाई

नमस्कार. आजवर इथे नुसतं वाचत आले, आज लिहायची वेळ आली.

धाकटा भाऊ, सत्ताविशीतला. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आजार सुरू झाला, स्किझोफ्रेनिया असं निदान झालं. रिस्पेरिडोन चालू आहे. संशय, रात्रीची जागरणं, एकट्याने बोलणं बरंच कमी झालं होतं. मध्यंतरी जरा वाढलं म्हणून डॉक्टरांनी डोस वाढवला. त्यानंतर आईच्या लक्षात आलं की उकाड्यातसुद्धा हा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसतो. झोपेत बाही वर गेली तेव्हा हातावरच्या खुणा दिसल्या. कपाळावर टेंगूळ आहे, विचारलं तर "दाराला लागलं" म्हणतो. पण रात्री भिंतीवर धपधप होतं ते घरात सगळ्यांनी ऐकलंय.

वडील म्हणतात, लक्ष वेधून घ्यायची नाटकं आहेत. आई अंगारा लावते. फॅमिली डॉक्टर म्हणाले, फार बोभाटा करू नका, पोलीस केस होईल. मानसोपचारतज्ज्ञ सांगलीला असतात, आमच्या गावापासून लांब. पुढची तारीख महिनाअखेरीस आहे.

त्याला मरायचं आहे का? तसं थेट विचारलं तर आपणच ते डोक्यात घातल्यासारखं होईल का? आणि तारखेपर्यंत थांबलं तर चालेल का?

वाळवंटी_केवडा

थांबू नका. उद्या सकाळी त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून "स्वतःला इजा करतोय" हे शब्द वापरून सांगा, मधली वेळ देतात. नुसतं "त्रास वाढलाय" म्हटलं की रिसेप्शनवर तारीखच सांगतात. आज रात्री भीती वाटली तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. जखम खोल असेल, शुद्ध हरपत असेल किंवा काही गिळल्याची शंका असेल तर १०८ बोलवा. आणि हातावरच्या जखमा कुणीतरी बघून धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं का ते ठरवू दे. हे सगळे विसरतात.

सह्यकडा

ताई, औषधं चालू ठेवाच, पण हे बाहेरचंही असू शकतं. आमच्या ओळखीतल्या एकाला एका स्थानावर ठेवलं होतं, बांधून ठेवल्यावर शांत झाला.

आठवडी_ओपीडी

@सह्यकडा, बांधलेला माणूस हलू शकत नाही, म्हणून तो शांत दिसतो. एवढंच त्याबद्दल.

रानजाई, मी मानसोपचाराचा डॉक्टर आहे, आठवड्यातून एकदा तालुक्याच्या ठिकाणी ओपीडी घेतो. इथे बसून निदान करणार नाही. पण तुमच्या पोस्टमध्ये तुम्ही सहज लिहून गेलात ते वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: डोस वाढवल्यानंतर हे सुरू झालं.

तो एका जागी बसू शकतो का ते बघा. जेवायला बसला की दोन घास खाऊन उठतो का? उभा असताना सारखा या पायावरून त्या पायावर होतो का? रात्री अंथरुणातून उठून येरझाऱ्या घालतो का? याला आम्ही अकॅथिशिया म्हणतो. सायकोसिसच्या (भास, भ्रम होतात त्या अवस्थेच्या) औषधांचा हा ओळखीचा दुष्परिणाम आहे, हॅलोपेरिडॉल आणि रिस्पेरिडोनने जास्त, क्वेटियापिन आणि क्लोझापिनने कमी. पेशंट सांगताना फक्त "कसंतरी होतंय" म्हणतो. आत मात्र कातडीतून बाहेर पडावंसं वाटण्याइतकी तगमग असते, आणि त्या तगमगीत लोक डोकं आपटतात, स्वतःला दुखवतात, जीव द्यायचा विचारही करतात. वाईट भाग असा की बघणाऱ्याला वाटतं आजार उसळला, मग गोळी आणखी वाढते आणि तगमगही वाढते. हे वेळीच ओळखलं तर उपाय आहेत. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, प्रोप्रानोलॉलसारखी गोळी जोडता येते (दमा असेल तर ती चालत नाही, हे आठवणीने सांगा). गोळी मनाने बंद करू नका. एकदम तोडली तर मूळ आजार उलटतो.

पण कारण तेवढंच असेल असं नाही. स्किझोफ्रेनियातली इजा ही एक गोष्ट नाही, आणि कारण वेगळं तर उपचारही वेगळा. म्हणून "कशाने केलंस?" पेक्षा "त्याच्या आधी काय होत होतं?" हा प्रश्न मला हवा असतो.

काहींना आवाज हुकूम करतात. तसं वाटलं तर विचारायचं: आवाज काय सांगतो, कुणाचा वाटतो, त्याचं ऐकलं नाही तर काय होईल असं वाटतं, आणि याआधी कधी ऐकलं आहेस का. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं मला कुठल्याही तपासणीपेक्षा जास्त सांगतात. काहींना कसली तरी पक्की समजूत असते, शरीरात काहीतरी बसवलंय, अमुक अवयव पापी आहे, तो काढला की सुटका. कुणी डोळा किंवा शरीराच्या एखाद्या भागाबद्दल असं बोलायला लागलं तर त्याच दिवशी दवाखाना, त्याला एकटं सोडायचं नाही. असे प्रसंग फार क्वचित घडतात, पण घडतात त्यातले बरेच पहिल्याच आजारपणात, औषध सुरू होण्याआधीचे असतात.

आणि एक प्रकार घरच्यांना अजिबात ओळखू येत नाही. माणूस सुधारत असतो तेव्हाचा. भ्रम ओसरतो, मग दिसतं की बरोबरचे नोकरीला लागले, लग्नं झाली, आपण इथेच. घरचे म्हणतात "आता छान शांत झालाय". ती शांतता नैराश्याची असू शकते. स्किझोफ्रेनिया असलेल्या साधारण १०० पैकी ५ जणांचा मृत्यू आत्महत्येने होतो. आजाराची पहिली वर्षं आणि इस्पितळातून घरी सोडल्यानंतरचे आठवडे सगळ्यात नाजूक. या नैराश्याला वेगळे उपचार लागतात, सायकोसिसची गोळी वाढवून ते जात नाही.

आता तुमचा प्रश्न. "तुला जगणं नको वाटतं का? मरायचे विचार येतात का?" हे विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. बहुतेकांना कुणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटतं. इजा करणाऱ्या प्रत्येकाला मरायचं असतंच असं नाही, पण "हा मरायसाठी करत नाही" हे आपण बाहेरून ठरवायचं नाही.

अजून एक. या आजारात काहींना दुखणं कमी जाणवतं. "एवढं लागलं तरी ओरडला नाही, म्हणजे नाटक" हे वडिलांचं गणित म्हणूनच चुकतं. अपेंडिक्स फुटेपर्यंत तक्रार न केलेले पेशंट आम्ही बघितले आहेत.

घाटमाथा

डॉक्टरांच्या प्रतिसादाला +१. अवांतर: माझी मावशी दिवसभर नळाला तोंड लावून पाणी प्यायची, आम्ही हसण्यावारी न्यायचो. एकदा तिला फिट आली तेव्हा कळलं, रक्तातलं सोडियम तळाला गेलं होतं. तेव्हा हातावरच्या खुणांबरोबर तो पाणी किती पितो हेही बघा.

संपादक

इजा कशी केली जाते याचं वर्णन असलेला एक प्रतिसाद काढून टाकला आहे. कृपया साधनं, पद्धती, फोटो इथे नकोत. हा धागा वाचणाऱ्यांत स्वतः त्या अवस्थेत असलेलेही आहेत.

पिंपळपान

त्या वाचणाऱ्यांतला मी एक. (आमच्या आधारगटात पेशंटला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, मी शुभार्थी.) आज गोळीवर ठीक आहे, अर्धवेळ अकाउंट्सचं काम करतो. तेव्हाचं सांगतो, कदाचित रानजाईंना उपयोग होईल.

मला एक पुरुषी आवाज यायचा. त्याचं म्हणणं असं की मी स्वतःला शिक्षा केली तर तो माझ्या बहिणीला हात लावणार नाही. म्हणजे माझ्या दृष्टीने मी घराचं रक्षण करत होतो. वडील "नाटकं बंद कर" म्हणाले की आवाज म्हणायचा, बघ, त्यांनाही कळलंय. मी आणखी लपवायला लागलो. आई रडायची, शपथ घालायची. शपथ मोडली की त्याची वेगळी शिक्षा. कृपा करून शपथा घालू नका.

बदल झाला तो आत्यामुळे. ती शाळेत शिपाई होती, मानसशास्त्र वगैरे काही शिकली नव्हती. जखम दिसली की आधी पाणी, साबण, पट्टी. एक शब्द बोलायची नाही. मग चहा. मग विचारायची, "आज तो जोरात आहे का रे?" तो म्हणजे आवाज. "नसतोच तो, मनाचे खेळ" असं ती कधी म्हणाली नाही, आणि "असतो" असंही म्हणाली नाही. "मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय" एवढंच. तिला मी खरं सांगू लागलो, आणि तिने ते माझ्यासमोर, माझ्या परवानगीने डॉक्टरांना सांगितलं. तोपर्यंत ओपीडीत मी नेहमी "बरं आहे" म्हणून उठायचो.

आवाज जोरात असला की मी अजूनही गुणगुणतो किंवा पेपर मोठ्याने वाचतो. स्वतःचा घसा चालू असला की तो मागे सरतो. सगळ्यांना लागू पडेलच असं नाही.

आणि गुपचूप खोलीची झडती घेऊ नका. ज्याला आधीच वाटतं की लोक पाळत ठेवतात, त्याच्यावर खरोखर पाळत ठेवायची, यात काय साधणार? धोक्याच्या वस्तू बाजूला ठेवायच्या तर सांगून ठेवा.

यॉर्कशायरकर

पिंपळपान, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्य विभागात नर्स आहे, मूळची साताऱ्याची. तुमची आत्या जे करत होती त्याच्या जवळ जाणारी उपचारपद्धती इथे संशोधन करून उभी केली आहे. बर्मिंगहॅमच्या मॅक्स बर्चवूड यांच्या गटाने हुकूम देणाऱ्या आवाजांसाठी खास सीबीटी (विचार आणि वागणं तपासत जाणारी बोलण्याची उपचारपद्धती) तयार केली. आवाज बंद करणं हा तिचा उद्देश नाही. "हा आवाज सर्वशक्तिमान आहे, ऐकलं नाही तर शिक्षा होईल" ही समजूत हळूहळू तपासायची. ऐकलं नाहीस तेव्हा काय झालं? त्याने दिलेली धमकी खरी झाली का? २०१४ साली तिची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, १९७ जण होते. आवाजांचं ऐकून वागण्याचं प्रमाण कमी झालं, आवाज असूनही. भारतात असं प्रशिक्षण घेतलेले फार थोडे असतील, पण सांगलीच्या डॉक्टरांना क्लिनिकल सायकॉलॉजिस्टबद्दल विचारून बघा.

दुसरं, "धोका किती टक्के आहे ते मोजून सांगा" असं नातेवाईक आम्हालाही म्हणतात. इथल्या नाइस या संस्थेची २०२२ची मार्गदर्शिका स्पष्ट सांगते की पुढे काय होईल याचं भाकीत करायला गुणांचे तक्ते वापरू नका. कमी गुण पडले म्हणून कुणाला घरी पाठवू नका. त्यापेक्षा त्याच्याबरोबर बसून एक कागद करा: त्रास वाढतोय हे कशावरून कळतं, तेव्हा तो काय करेल, कुणाला उठवेल, घरातल्यांनी काय करावं, काय करू नये, कुठल्या नंबरवर फोन. त्याच्या शब्दांत, त्याच्या अक्षरात. सगळ्या गोळ्या एकाच्या ताब्यात, एका वेळी थोड्याच घरात. शेती असेल तर फवारणीची औषधं घरात अजिबात नकोत, पत्राशेडात कुलूप लावूनसुद्धा मन मानत नसेल तर चुलत्याकडे ठेवा.

रानजाई

सगळ्यांचे आभार. पिंपळपान यांचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण रात्री त्याच्या खोलीबाहेर खाट टाकून झोपले. वेळ मिळाली आहे, जातोय. पोलीस केसचं मात्र कुणी सांगेल का? आई त्यालाच घाबरते.

जुनी_सनद

वकील आहे, सांगते. स्वतःला इजा करून घेणं हा गुन्हा नाही. आत्महत्येच्या प्रयत्नासाठी भारतीय दंड संहितेत कलम ३०९ होतं, पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ (मे २०१८पासून लागू) याच्या कलम ११५ने सांगितलं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं धरायचं, तिच्यावर खटला चालवायचा नाही, उलट तिची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ३०९ घेतलंच नाही. (सरकारी नोकराला काही करायला किंवा न करायला भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न हे वेगळं कलम आहे, त्याचा तुमच्याशी संबंध नाही.) इस्पितळात एमएलसी (मेडिको-लीगल केस) अशी नोंद होऊ शकते, हवालदार येऊन दोन प्रश्न विचारू शकतो. ती नोंद आहे, आरोप नव्हे. त्या भीतीने जखमेवर उपचार टाळू नका.

त्याच कायद्यात दाखल करण्याबद्दलही आहे. स्वतःला इजा करण्याचा धोका असेल आणि तो स्वतः तयार नसेल तर कलम ८९ खाली, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (त्याच्या वतीने निर्णयात मदत करायला नेमलेल्या माणसाच्या) अर्जावर आणि दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर, ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. प्रतिनिधी कोण हे तो बरा असताना त्याच्याकडूनच लिहून घ्या. कदाचित वडिलांऐवजी तुमचं नाव देईल. आणि @सह्यकडा, माणसाला साखळीने बांधायला कलम ९५ची सरळ बंदी आहे, भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधलं तर महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदाही लागतो.

सह्यकडा

मी ऐकलेलं लिहिलं होतं. बांधा असं म्हणायचं नव्हतं. अंगाऱ्यालाही कायदा आहे का?

आठवडी_ओपीडी

नाही हो. आईने अंगारा लावावा, तिला धीर येतो आणि मुलाच्या कपाळाला हात लागतो. गोळीच्या जागी लावू नये, बस्स.

रानजाई

जाऊन आलो. डॉक्टरांनी त्याला खुर्चीवर बसवून नुसतं बघितलं, पाय थांबतच नव्हते. अकॅथिशिया आहे म्हणाले. डोस कमी केलाय, प्रोप्रानोलॉल सुरू केलंय. आता तो जेवताना बसतो, हाताला नवीन काही नाही. पण आवाज आहेत. मी आठवडी_ओपीडी यांनी इथे दिलेले आवाजांबद्दलचे प्रश्न विचारले तेव्हा त्याने सांगितलं की दोन आवाज आहेत आणि एकाचं ऐकावंच लागतं. हे त्याने आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. परवा रात्री पुन्हा भिंतीपाशी उभा होता, वडील नुसते जाऊन शेजारी उभे राहिले. थोड्या वेळाने दोघं परत आले.

दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसा काळ देऊन झाली आहेत (रिस्पेरिडोनच्या आधी ओलान्झापिन होतं), म्हणून डॉक्टर आता क्लोझापिनबद्दल बोलले. नेटवर वाचून पोटात गोळा आला. पांढऱ्या पेशी संपतात म्हणे? कुणाचा अनुभव?

यॉर्कशायरकर

भीती वाटणं साहजिक आहे. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये क्लोझापिनने पांढऱ्या पेशी घटून रुग्ण दगावले आणि औषध बऱ्याच ठिकाणी मागे घेतलं गेलं. पुढे रक्ततपासणीच्या अटीवर ते परत आलं, अमेरिकेत १९८९ साली. त्या अटीमुळेच आज ते सुरक्षितपणे वापरता येतं. आणि आत्महत्येच्या वर्तनाचा धोका कमी करण्यासाठी स्किझोफ्रेनियात मान्यता मिळालेलं औषध म्हणजे हेच: ९८० रुग्णांवर दोन वर्षं ओलान्झापिनशी तुलना केली, २००३ साली निष्कर्ष छापून आले, क्लोझापिनच्या गटात असं वर्तन साधारण पाव हिश्शाने कमी होतं.

आठवडी_ओपीडी

भर घालतो. रक्तपेशींचा धोका मुख्यतः पहिल्या १८ आठवड्यांत असतो, तोवर दर आठवड्याला तपासणी, मग अंतर वाढवत महिन्यावर. मधेच ताप आला, घसा दुखला तर "व्हायरल असेल" म्हणून क्रोसिन देऊन बसू नका, त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). पहिल्या महिन्यात छातीत दुखणं, धाप, जोरात धडधड यांनाही तसंच महत्त्व द्या.

पेशींच्या भीतीत लोक बद्धकोष्ठ विसरतात. क्लोझापिनने आतडी मंदावतात, ते जिवावर बेतू शकतं. शौचाला झालं का, हा प्रश्न घरात रोज विचारायचा, लाजायचं नाही. तो विडी-सिगरेट ओढतो का? ओढत असेल तर डॉक्टरांना सांगा. धुरामुळे हे औषध शरीरातून लवकर जातं. एकदम सोडली की तोच डोस अंगावर येतो. आणि सलग दोन दिवसांहून जास्त गोळी चुकली तर जुन्या डोसने परत सुरू करू नका, आधी फोन करा.

रानजाई

विडी ओढतो, दिवसाला बंडल. हे कुणी विचारलंच नव्हतं. दर आठवड्याला सांगलीला जाणं जमणार नाही, कापणीचे दिवस आहेत. रक्त गावाकडे तपासलं तर?

वाळवंटी_केवडा

ग्रामीण रुग्णालयात विचारा, सीबीसी तिथे होते. आमचा मुलगा तिथेच देतो, रिपोर्टचा फोटो डॉक्टरांना व्हॉट्सॲप करतो. त्यांचा "ठीक" आला की मगच पुढच्या आठवड्याच्या गोळ्या काढतो.

रानजाई

तिथल्या रिपोर्टवर हिमोग्लोबिन आणि एकूण पांढऱ्या पेशी एवढंच असतं असं आमची आशाताई म्हणाली. चालेल का?

आठवडी_ओपीडी

तेवढं पुरत नाही. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, क्लोझापिनने घटतात त्या याच) वेगळे मोजलेले हवेत. चिठ्ठीवर "डिफरन्शियलसह" असं लिहून घ्या. टक्के छापून आले तरी चालतात: एकूण पेशी ६,००० आणि न्यूट्रोफिल ६० टक्के, म्हणजे ३,६००. हा आकडा १,५००च्या खाली गेला तर संध्याकाळची गोळी देण्याआधी फोन करायचा. वही करा, तारखेपुढे हा एकच आकडा लिहीत जा. भाऊ डिप्लोमावाला आहे ना, गुणाकार त्यालाच करू द्या.